फॅरडेची मेणबत्ती आणि खिशातला लायटर

मायकेल फॅरडेचे मेणबत्तीवरचे पुस्तक विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी वाचावे, असे आम्ही गेली पंधराएक वर्षे शिक्षकांना सांगत आलो आहोत. मध्यंतरी एका शिक्षक शिबिराच्या निमित्ताने ते पुन्हा वाचावे लागले. या वेळी टेबलावर मेणबत्तीबरोबर आणखी तीन वस्तू होत्या : पानाच्या टपरीवर मिळणारा पारदर्शक प्लॅस्टिकचा लायटर, स्वयंपाकघरातला शेगडी पेटवायचा लायटर आणि ब्यूटेन भरलेला हातात धरायचा गॅसटॉर्च. (आपल्याकडे नुसते 'टॉर्च' म्हटले की विजेरी समजतात, म्हणून 'गॅसटॉर्च' म्हणू.) या वस्तू समोर ठेवून वाचल्यावर पुस्तकाविषयीचे आमचे मत थोडे बदलले. पुस्तक वाईट ठरले नाही. पण आपण त्यातले जे उचलले ते सर्वांत कमी कामाचे होते, आणि जे उचलायला हवे होते ते तसेच पडून राहिले, असे वाटू लागले.

ज्यांच्या हाती हे पुस्तक आलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुटीत मुलांसाठी व्याख्याने होत असत. १८६०-६१ च्या हिवाळ्यात फॅरडेने मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. विल्यम क्रुक्सने ती संपादित केली आणि १८६१ मध्ये 'द केमिकल हिस्टरी ऑफ ए कँडल' या नावाने ती पुस्तकरूपाने आली. मेणबत्ती कशी बनते, ती जळताना वितळलेल्या मेणाची वाटी कशी तयार होते, मेण वातीतून केशाकर्षणाने वर कसे चढते, ज्योतीच्या पोटात काय असते, उजेड कशामुळे पडतो, जळून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड कसे तयार होतात, इथपासून आपल्या श्वासोच्छ्वासापर्यंत तो मुलांना घेऊन जातो. प्रत्येक पायरीवर काहीतरी करून दाखवतो. ज्योतीच्या मधल्या काळसर भागात काचेची नळी धरून आतली वाफ बाहेर काढतो आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला ती पेटवून दाखवतो. ज्योतीवर आडवा कागद क्षणभर दाबतो आणि कागदावर उठलेले करपलेले कडे दाखवतो. मधला भाग कोराच राहिलेला असतो.

आता आपल्या वर्गात यातले काय उरले ते पाहू. उरली ती एक आकृती. ज्योतीचे आतला, मधला आणि बाहेरचा असे तीन भाग, त्यांची नावे आणि पुढे 'सर्वांत उष्ण भाग कोणता?' हा प्रश्न. मुले आकृती सुबक काढतात, बाण अचूक मारतात, गुण मिळवतात. शिबिरात आम्ही लायटर पेटवून विचारले, "ही ज्योत मेणबत्तीसारखी आहे का?" बहुतेक शिक्षकांनी "हो" म्हटले. मग गॅसटॉर्च पेटवला आणि तोच प्रश्न विचारला. पुन्हा "हो", आणि आकृतीतले तीन भाग टॉर्चच्या ज्योतीत शोधायला सुरुवात झाली. दोन निळे शंकू दिसले; तिसरा भाग सापडेना. एक गुरुजी म्हणाले, "तो असणार, उजेडात दिसत नाही." आकृतीचा हा दरारा पाहून आम्हाला हसू आले खरे. पण काही वर्षांपूर्वी कोणी अचानक विचारले असते, तर आम्हीही फार वेगळे उत्तर दिले नसते.

लायटरची पिवळी ज्योत खरोखरच मेणबत्तीच्या जातीची आहे. इंधन आतून येते, हवा बाहेरून येते आणि दोघांची गाठ ज्योतीच्या कडेला पडते. आत हवा पोचत नाही, तिथे तापलेल्या इंधनाचे रेणू मोडून कार्बनचे बारीक कण सुटतात; ते तापून पिवळे चमकतात आणि कडेला पोचल्यावर जळून जातात. थंड चमचा मध्ये धरला की हेच कण काजळी होऊन त्यावर बसतात. उजेड देतो तो ज्योतीतला घन पदार्थ, हे फॅरडेने सांगितले आणि ते आजही खरे आहे.

टॉर्चची जात निराळी. त्यात अतिशय बारीक छिद्रातून वायूची धार सुटते. छिद्राच्या आतला दाब आणि बाहेरचा दाब यांत दुपटीचा फरक असला, तर ब्यूटेनची धार सेकंदाला दोनशे मीटरच्या घरात वेग घेते. टॉर्चचा फुसफुसाट त्या धारेचाच. ही धार जाता जाता बाजूच्या भोकांतून हवा ओढून घेते आणि नळीच्या तोंडाशी पोचते तेव्हा इंधन आणि हवा आधीच एकमेकांत मिसळलेली असतात. एक भाग ब्यूटेन पुरते जळायला सुमारे ३१ भाग हवा लागते. ती सगळीच काही भोकांतून येत नाही. जेवढी येते तेवढ्यावर आतला झगझगीत निळा शंकू जळतो, उरलेले इंधन बाहेरच्या हवेवर फिकट शंकूत जळते. कार्बनला कण होऊन सुटायला सवडच मिळत नाही, म्हणून काजळी नाही आणि पिवळा उजेडही नाही. आतल्या शंकूचे टोक संपते त्याच्या जरा पुढे ही ज्योत सर्वांत उष्ण असते. मेणबत्तीची आकृती पाठ करून आलेला मुलगा तांब्याची तार नेमकी चुकीच्या जागी धरतो.

सोनाराला हे कोणी शिकवावे लागत नाही. दिव्याच्या पिवळ्या ज्योतीवर वाकड्या फुंकणीने हवा मारून तो तिची निळी, टोकदार, आडवी ज्योत करतो आणि झाळकाम तिच्या टोकाशी करतो. गॅसटॉर्च म्हणजे ही फुंकणीच. फुंकण्याचे काम इंधनाच्या धारेकडे सोपवलेले, एवढाच फरक.

याबाबतीत फॅरडेला दोष देता येत नाही. दुसऱ्या व्याख्यानात तो गॅसच्या दिव्याकडे वळतो, हवा वायूत आधीच मिसळली तर ज्योत फिकी आणि निळी होते हे दाखवतो, आणि चक्क गॅसच्या पिवळ्या ज्योतीवर फुंकर मारून ती निळी करून दाखवतो. हायडेलबर्गला बुन्सेनचा बर्नर १८५५ मध्ये तयार झाला होता, त्याला तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. म्हणजे अख्खा गॅसटॉर्च या पुस्तकात आहे. मात्र तो मोजक्या ओळींत आटोपलेला आहे. व्याख्याता लगेच मेणबत्तीकडे परततो आणि वाचकही त्याच्याबरोबर परततो. आमची पहिली तक्रार इथे आहे. हॉलमध्ये बसलेल्या मुलांनी लंडनचे रस्ते गॅसच्या दिव्यांनी उजळलेले रोज पाहिले होते. त्यांना मेणबत्ती आणि गॅस शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची संधी होती, ती फॅरडेने अर्धीच घेतली. त्याच्या हाताखाली आकृत्या काढणाऱ्या पुढच्या पिढ्यांनी उरलेली अर्धीही घालवली. आज आपल्या मुलांना मेणबत्ती दिसते वाढदिवसाला किंवा वीज गेल्यावर. गॅसची निळी ज्योत मात्र घरात तीन्ही त्रिकाळ जळत असते, आणि शिकवताना आपण मेणबत्तीचीच आकृती तिच्यावर चिकटवतो.

'निळी ज्योत जास्त उष्ण, कारण निळा रंग जास्त तापमानाचा' हे वाक्यही इथेच निकालात काढावे. तापलेल्या लोखंडाचा किंवा ताऱ्याचा रंग तापमानाप्रमाणे बदलतो, हे खरे. पण गॅसच्या ज्योतीचा निळा रंग तशा प्रकारचा नाही. ज्वलनाच्या गडबडीत CH आणि C₂ असे अल्पायुषी तुकडे तयार होतात आणि ते आपापल्या ठरावीक निळ्या-हिरव्या तरंगलांबींचा प्रकाश सोडतात. तो हा रंग. निळेपणा मुख्यतः त्या तुकड्यांचा असतो. फॅरडेला हे ठाऊक असणे शक्य नव्हते. वर्णपटाचे शास्त्र त्याच सुमारास किर्खोफ आणि बुन्सेन उभे करत होते, आणि तेही बुन्सेनच्या बर्नरची ज्योत जवळपास बिनउजेडाची होती म्हणून. १८६० मध्ये सीझियम आणि १८६१ मध्ये रुबिडियम त्यांना वर्णपटावरूनच सापडले. काच तापवताना टॉर्चची ज्योत मध्येच पिवळी होते, तो पिवळा रंग तर काचेतल्या सोडियमचा. काजळीचा पिवळा निराळा आणि सोडियमचा निराळा. एकाच वर्गात दोन्ही दाखवले, तर रंग पाहून तापमान ठरवण्याची सवय आपोआप सुटेल.

आता आमची दुसरी आणि मोठी तक्रार. ती इंधनाच्या पुरवठ्याविषयी आहे.

पहिल्या व्याख्यानात फॅरडे मेणबत्तीच्या वाटीचे कौतुक करतो आणि ते योग्यच आहे. ज्योतीची उष्णता मेण वितळवते, बाजूने वर येणारी हवा कड थंड ठेवते, म्हणून वाटी फुटत नाही. ज्योत मोठी झाली तर मेण जास्त वितळते, लहान झाली तर कमी. नक्षीदार, पन्हळी मेणबत्त्यांची वाटी नीट होत नाही म्हणून त्या ओघळतात, हेही तो दाखवतो. म्हणजे ज्योत स्वतःचे जेवण स्वतः शिजवून घेते. जुन्या पंपाच्या स्टोव्हचेही तसेच होते. काकडा पेटवून बर्नर आधी तापवायचा. एकदा तापला की ज्योतच त्यातून जाणाऱ्या रॉकेलची वाफ करत राहायची. ज्यांनी पिन मारून स्टोव्ह पेटवला आहे, त्यांना हे सांगायला नको.

लायटर आणि टॉर्चमध्ये नेमके उलटे घडते. पारदर्शक लायटर उजेडात धरा. आत द्रव हेलकावताना दिसतो. हे 'लायटरचे पेट्रोल' आहे असे शिबिरात तिघा-चौघांनी सांगितले. वात असलेल्या जुन्या धातूच्या लायटरांत पेट्रोलच्या जातीचे द्रव असते, ही गोष्ट खरी. पण यात असते ते ब्यूटेन, आणि ब्यूटेनचा उत्कलनबिंदू उणे ०.५ अंश सेल्सियस आहे. नाशिकच्या थंडीतही तो एरवी उकळून गेला असता. आत तो द्रव राहतो, कारण त्याचीच वाफ त्याच्यावर बसलेली असते. २० अंशांना हा बाष्पदाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दुप्पट असतो, ५० अंशांना जवळजवळ पाचपट आणि शून्य अंशाला वातावरणाच्या दाबाएवढाच. हा दाब तापमानावर ठरतो, डबीत किती इंधन उरले आहे त्यावर नाही. सायकलच्या ट्यूबमधली हवा निम्मी सोडली तर दाब उतरतो; लायटरमधले द्रव निम्मे संपले तरी दाब तेवढाच राहतो. म्हणून शेवटचा थेंब उरेपर्यंत ज्योत तेवढीच असते. मुलांना हे आपल्या डोळ्यांनी पाहता येते, आणि अकरावीत बाष्पदाब शिकवताना फळ्यावरच्या आलेखापेक्षा चार रुपये जास्त खर्च करून हा लायटर आणलेला बरा.

पण वाफ व्हायला उष्णता लागते. ती कुठून यायची? टॉर्चची ज्योत असते पुढे, द्रव असते मागे मुठीत. ज्योत आपली उष्णता मागे पाठवत नाही. थोडा हिशेब करू. टॉर्चमध्ये मिनिटाला एक ग्रॅम ब्यूटेन जळते असे धरा. त्यातून सुमारे ४६ किलोज्यूल उष्णता मिळते, म्हणजे साधारण साडेसातशे वॉट. त्या एका ग्रॅमची वाफ करायला लागणारा अप्रकट उष्मा ०.३७ किलोज्यूलच्या आसपास, म्हणजे अवघे सहा वॉट. शंभरातला एक हिस्सादेखील नाही. पण तोच हिस्सा मागे वळवण्याची सोय साध्या टॉर्चमध्ये नसते. डबीत २० ग्रॅम द्रव असेल आणि बाहेरून काहीच उष्णता आली नाही, तर डबीच्या धातूचा हिशेब सोडून देता ते मिनिटाला सात-आठ अंशांनी थंड होत जाईल. प्रत्यक्षात हवा आणि हाताची मूठ ती तूट भरून काढतात. टॉर्च बराच वेळ चालवला की डबी गार लागते, ज्योत आखडते, आणि हाताला गरम वाटायला हवे ते यंत्र थंड का, म्हणून मुले चक्रावतात. मेणबत्ती जेवढी जळते तेवढी स्वतःला पोसते, टॉर्च जेवढा जळतो तेवढा स्वतःची उपासमार करतो. हे एक वाक्य फॅरडेच्या पुस्तकात असते तर फार बरे झाले असते.

आणि ते लिहायला त्याच्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता. दाब देऊन वायूंचे द्रव करण्याचे काम १८२३ मध्ये त्यानेच केले होते. क्लोरीनपासून सुरुवात करून त्याने एकामागून एक वायू काचेच्या बंद नळ्यांत द्रव केले. नळ्या फुटून काचेचे तुकडे त्याच्या डोळ्यांत गेले होते. पुढे १८२५ मध्ये लंडनच्या पोर्टेबल गॅस कंपनीच्या सिलिंडरांत साचणारा द्रव त्याने तपासला. ही कंपनी तेलापासून केलेला वायू सुमारे ३० वातावरण दाबाखाली कोंबून घरोघर पोचवत असे. त्या द्रवात त्याला बेंझीन सापडले, हे आपण शिकवतो. पण त्याच द्रवात, उकळून चटकन उडून जाणारा आणि थंड केल्यावर द्रव होणारा एक वायूही त्याला सापडला. आज आपण त्याला ब्यूटिलीन गटात घालतो. लायटरमधल्या ब्यूटेनचा तो सख्खा भाऊ. म्हणजे सिलिंडरमध्ये भरलेले द्रवरूप वायुइंधन या माणसाने मेणबत्तीच्या व्याख्यानांच्या पस्तीस वर्षे आधी हाताळले होते. मुलांसमोर मात्र त्याने तो विषय आणला नाही. मेणबत्तीची गोष्ट सरळ राहावी म्हणून असेल. वक्ता म्हणून तो निर्णय समजण्यासारखा आहे. फक्त त्याची किंमत आज कोण भरतो, ते पाहिले पाहिजे.

शिबिरात ती आम्ही भरली. टॉर्च पेटवून काही सेकंद झाले असतील नसतील, तोच फरशीच्या तुकड्यावर ठेवलेली तांब्याची तार तापवण्यासाठी आम्ही त्याचे तोंड खाली केले. निळी ज्योत नाहीशी झाली आणि हातभर लांब पिवळा लोळ भसकन बाहेर आला. उजव्या भुवईचे केस गेले, बाकी काही झाले नाही. समोर बसलेल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, पिवळी म्हणजे थंड ज्योत ना?" आम्हाला उत्तर सुचले नाही.

झाले होते ते असे. टॉर्च उलटा झाल्यावर छिद्राशी वाफेऐवजी द्रवच आले. एक मिलिलिटर द्रव ब्यूटेनची साधारण २४० मिलिलिटर वाफ होते. म्हणजे तेवढ्याच छिद्रातून एकदम कितीतरी पट इंधन बाहेर पडले. भोकांतून येणारी हवा होती तेवढीच. मिश्रणाचा हिशेब कोलमडला, हवा बाहेरून शोधावी लागली आणि टॉर्चची ज्योत एका क्षणात पुन्हा मेणबत्तीच्या जातीची झाली. काही टॉर्चमध्ये इंधनाची नळी ज्योतीजवळून वळवून आणलेली असते. अशा टॉर्चची नळी तापेपर्यंत दोन-तीन मिनिटे तो सरळ धरला तर नंतर तो तिरपा करता येतो. ज्योतीची उष्णता इंधनाकडे परत नेणारी ती वळलेली नळी म्हणजे स्टोव्हच्या बर्नरची, पर्यायाने मेणबत्तीच्या वाटीचीच युक्ती. आमच्या टॉर्चमध्ये ती नव्हती, आणि आम्ही ते पाहिले नव्हते.

थंडीत टॉर्च मंदावला की डबी दुसऱ्या ज्योतीवर किंवा शेगडीजवळ धरून 'जरा गरम' करण्याचा मोह होतो. डोंगरावरच्या एका शाळेत डिसेंबरच्या सकाळी असे करू पाहणाऱ्या शिपायाला आम्ही वेळीच थांबवले. बाष्पदाबाचे वरचे आकडे पाहिले की कारण कळेल. तळहातात धरणे पुरते. भरायच्या डब्यात नुसते ब्यूटेन नसून आयसोब्यूटेन (उत्कलनबिंदू उणे ११.७ अंश) आणि प्रोपेन (उणे ४२ अंश) मिसळलेले असेल, तर तो थंडीतही बरा चालतो. त्यातही हलका प्रोपेन आधी उडून जातो, म्हणून तळाचा भाग पुन्हा रडतखडत जळतो. लायटर भरताना डबा उलटा का धरायचा, भरण्याआधी लायटर थंड केला तर जास्त का भरतो, आणि बोटांवर उडालेले थेंब एवढे गार का लागतात, हे तीन प्रश्न आम्ही शिक्षकांवर सोपवतो. तिन्हींची उत्तरे वर येऊन गेली आहेत. भरताना खिडक्या उघड्या आणि जवळपास ज्योत नको. ब्यूटेन हवेच्या दुप्पट जड, तो जमिनीलगत पसरतो. हवेत दोन टक्क्यांहूनही कमी झाला तरी पेट घेतो. घरच्या सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम घाण वास लावलेला असतो, लायटरच्या शुद्ध गॅसला तो बऱ्याचदा नसतो. नाकावर भरवसा ठेवू नये.

राहिला पेटवण्याचा प्रश्न. इथे पुस्तकाचे पारडे पुन्हा जड होते. शेवटच्या व्याख्यानात फॅरडे विचारतो की मेणबत्ती हवेत वर्षानुवर्षे पडून असते, मग ती आपणहून का पेटत नाही? आणि मग बंद नळीत ठेवलेली शिशाची अतिशय बारीक पूड हवेत ओततो. ती आपोआप पेटते. शिशाचा गोळा पेटत नाही, पूड पेटते, कारण तिचा पृष्ठभाग अफाट असतो. लायटरची ठिणगी हीच आहे. १९०३ मध्ये कार्ल ऑअर फॉन वेल्सबाख याने सीरियम आणि लोखंड यांच्या मिश्रधातूचा 'खडा' पेटंट केला. त्याचा कीस घासताच हवेत पेटतो. (वरातीतल्या गॅसबत्तीचे मँटल याच माणसाचे. निळ्या ज्योतीला उजेड नाही, म्हणून त्याने तिच्यात बाहेरून घन पदार्थ नेऊन बसवला. फॅरडेचे दुसरे व्याख्यान आठवा.) या खड्याला इंग्रजीत गारगोटीचेच नाव आहे, पण कामे अदलाबदल झाली आहेत. जुन्या चकमकीत गारगोटी कठीण, ती पोलादाचा कीस काढते आणि ठिणगी पोलादाची असते. लायटरमध्ये पोलादी चाक कठीण, ते खड्याचा कीस काढते आणि ठिणगी खड्याची असते. दोन्ही ठिकाणी जळतो तो धातूच. गारगोट्या एकमेकींवर घासून दाखवायच्या आणि 'लायटरमध्ये असेच होते' म्हणायचे, हा पाठ बंद करावा.

शेगडीच्या लायटरात तर इंधनच नसते. खटका दाबला की स्प्रिंगची हातोडी एका चिनी मातीसारख्या स्फटिकमय तुकड्यावर आदळते आणि त्याच्या दोन टोकांत काही हजार व्होल्ट तयार होतात. दाबामुळे स्फटिकात वीज निर्माण होते, हे झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवले. बॅटरी नाही, वर्षानुवर्षे चालतो. इतकी लहान ठिणगी कशी पुरते, असे मुले विचारतात. योग्य प्रमाणातले ब्यूटेन आणि हवा यांचे मिश्रण पेटायला पाव मिलिज्यूल ऊर्जा पुरते. एक ग्रॅमचे वजन अडीच सेंटिमीटर उचलायला लागते तेवढी. अट प्रमाणाची आहे. हवेत ब्यूटेन साधारण १.८ ते ८.४ टक्के असेल तरच ते पेटते. टॉर्चची चावी पूर्ण उघडून खटके मारत बसणाऱ्याला म्हणूनच यश येत नाही. शिवाय या मिश्रणात ज्योत सेकंदाला फार तर ४० सेंटिमीटरच्या आसपास चालते. धार त्याहून फारच वेगाने आली तर ज्योत उडून जाते. चावी थोडी उघडावी, पेटवावे, मग वाढवावी.

मग हे पुस्तक शिक्षकांना द्यावे की नाही? द्यावे, पण आम्ही आता ते वेगळ्या क्रमाने द्यायला लागलो आहोत. आधी पहिले व्याख्यान, मेणबत्ती पेटवून. मग दुसऱ्या व्याख्यानातला फुंकर मारण्याचा भाग, टॉर्च शेजारी ठेवून. मग एकदम शेवटच्या व्याख्यानातली शिशाची पूड, हातात लायटर घेऊन. आणि जे पुस्तकात नाही, म्हणजे द्रवाची वाफ आणि तिची थंडी, ते फॅरडेच्याच १८२३ आणि १८२५ च्या कामातून आपण सांगायचे. ज्योतीच्या तीन भागांची आकृती सर्वांत शेवटी काढावी, आणि तिच्याखाली 'फक्त मेणबत्तीसाठी' असे लिहावे. टॉर्च शिक्षकांनीच चालवावा, मुलांनी नाही.

या क्रमाने पहिल्यांदा शिकवले तेव्हा नववीतल्या एका मुलीने विचारले की लायटरची ज्योत शेवटच्या थेंबापर्यंत सारखीच राहते, तर घरातला सिलिंडर संपत आला हे आईला आधी कसे कळायचे? ज्योतीवरून फारसे कळत नाही, आम्ही म्हणालो. सिलिंडरवर रिकाम्या टाकीचे वजन रंगवलेले असते आणि आत १४.२ किलो गॅस भरलेला असतो. टाकी वजनकाट्यावर ठेवून वजाबाकी करायची. काटा नसेल तर ओले फडके टाकीभोवती गुंडाळून काढायचे आणि पाहत राहायचे. आत द्रव आहे तिथवरचा भाग सावकाश सुकतो आणि वरचा लवकर. दुसऱ्या दिवशी तिने वहीत टाकीचे चित्र काढून आणले, ओल्या भागाची रेघ आणि तिच्यापुढे सेंटिमीटर.